शेवंतीवरची चादर

बायको श्रावणात गेली, तेव्हा तिच्या शेवंतीला नुसता पाला होता. कुंभारीतल्या आमच्या घराच्या दाराशी तेलाचे पाच रिकामे डबे, बुडाला भोकं पाडून तिनंच लावलेले. पाणी घालायचं माझ्याकडं आलं. मी चौथी शिकलेला, जन्म मागावर गेला. चादरीवर फुलं लई काढली, मातीत एक नाही.

दरसाल दसऱ्याला शेवंती कळी धरायची. यंदा दसरा झाला तरी काही नाही. झाडं हिरवीगार, कमरेला लागली, पण कळी म्हणून नाही. तिच्या फोटोला मी बाजारचं फूल घातलं नव्हतं. बाजारचं तिला चालायचंच नाही, शिळं म्हणायची. फोटो तसाच मोकळा. तिचं म्हणून एवढंच मागं राहिलं होतं, तेही माझ्या हातनं चाललं असं वाटायचं.

मुलगी इंग्लंडात नर्स आहे. आमच्या दिवेलागणीला तिचा व्हिडिओ आला, तिकडं दुपार होती. मागं अंगणातलं झाड लालभडक.

"पोरी, तुझं झाड जळालं की."

"जळालं न्हाय, अप्पा. थंडीच्या आधी हितं पानास्नी असाच रंग येतो. मग गळत्यात."

"मरायच्या आधी नटायचं? भारीच हाय तुमचा देश."

ती हसली. आई गेल्यापासून पहिल्यांदा हसली.

मग तिनं फोन कुंपणाकडं फिरवला. शेजारच्या म्हाताऱ्याची बाग. सगळं गळायला लागलेलं, आणि मधे शेवंती फुललेली, घासलेल्या पितळेच्या रंगाची. माझं डोकंच फिरलं.

"त्या गोऱ्याच्या दारात फुलतीया, आन् तुझ्या आईच्या दारात न्हाय! इचार त्याला, का म्हणून."

म्हातारा कुंपणाशी आला. हातात कात्री, गुडघ्याला चिखल. ऊन किती, पाणी किती, सगळं मुलीकडनं विचारून घेतलं. शेवटी म्हणाला, रात्री उजेड असतो का?

"असतो की. दारात बल्ब हाय."

मी दुसऱ्या पाळीला असायचो तेव्हा बायको तो बल्ब माझ्यासाठी लावून ठेवायची. मी आलो की बंद. ती गेली त्या दिवशी मी लावला, तो पहाटेपर्यंत रोज जळतो. डबे बरोबर त्याच्याखाली.

म्हातारा म्हणाला, शेवंतीला मोठी रात्र लागते. अंधार पुरला की मगच कळी. उजेडात तिला वाटतं, उन्हाळाच चाललाय. बल्ब बंद करा.

"त्याला सांग, बल्ब बंद व्हणार न्हाय."

"अप्पा, आई आता काय..."

"ठावं हाय मला."

ती म्हाताऱ्याकडं वळली. मग त्याच्याशी हळू काहीतरी बोलली. म्हाताऱ्यानं कात्री खिशात घातली. मग म्हणाला, राहू दे बल्ब. झाडं झाका. दिवस मावळला की झाका, सकाळी काढा.

चादरींना आमच्याकडं काय तोटा! बायकोच्या पांघरुणाची जाड चादर काढली, मीच विणलेली. ती विड्या वळायची, चादरीला तंबाखूचा वास होता. झाडं मोडू नयेत म्हणून तिची खाट उभी करून डब्यांवरनं भिंतीला तिरकी टेकवली, खाटेवरनं चादर दुहेरी सोडली. शेजारीण दारातनं बघत होती.

"काका, झाडास्नी थंडी वाजतीया व्हय?"

"व्हय. तुला बी घालू का एक?"

दिवाळी कोरडीच गेली. एकही संध्याकाळ चुकवली नाही. मग एका सकाळी चादर काढली तर शेंड्याला ज्वारीच्या दाण्याएवढ्या कळ्या. मार्गशीर्षात पिवळी फुलं आली. मुलीला दाखवली, तिनं म्हाताऱ्याला बोलावलं. तिकडं तिचं झाड उघडं, त्याची शेवंती थंडीनं काळी पडलेली. तो माझी फुलं बघतच राहिला.

पहिलं फूल फोटोला लावलं. बल्ब चालूच आहे.

चादरीला आता तंबाखूचा वास राहिला नाही, ओल्या पाल्याचा येतो. त्याचं वाईट वाटतं. तरी संध्याकाळी घालतोच, अजून दोन डब्यांत कळ्या आहेत.