मान डोलवणारा तरवाला

बाळाजी तरवाल्याचा उजवा डोळा गेला तो वादळात नाही, भर पाण्यातही नाही. धक्क्याला होडी बांधताना काथ्याचा जुना दोर ताणला, तुटला, आणि त्याचं टोक सपकन डोळ्यावर बसलं. ज्या माणसानं चौदाव्या वर्षापासून माणसं, शेळ्या, सुपारीची पोती आणि एकदा तर सबंध वरात वाजंत्र्यांसकट खाडीपार नेली, त्याचा डोळा बांधल्या होडीनं घेतला. ही गोष्ट एक्कावन्न सालच्या दिवाळीनंतरची. तालुक्याच्या डॉक्टरानं डोळा धुतला, पट्टी बांधली आणि हा आता कामाचा नाही म्हणून सांगितलं. बाळाजीनं ते मनाला फारसं लावून घेतलं नाही. दुसरा आहे ना, असं तो जो भेटेल त्याला सांगत सुटला.

हरिहरेश्वराच्या अलीकडे आत घुसणारी ही खाडी तशी लहानच. अर्धा मैल पाणी. अलीकडे सावरवाडी, पलीकडे पाणदरे. पण भरती-ओहोटीची ओढ अशी द्वाड, की होडीचं तोंड जिकडे असेल तिकडे होडी जाईल याचा भरवसा नाही. नवख्यानं समोरच्या धक्क्यावर तोंड रोखून वल्हं मारलं तर तो पोचायचा खारफुटीच्या चिखलात. बाळाजीला बापानं शिकवलं होतं ते वेगळं. होडीच्या तोंडाकडे बघू नकोस, किनाऱ्याकडे बघ. सगळा किनारा सरकत असतो, डावीकडची झाडं डावीकडे पळतात, उजवीकडची उजवीकडे. मधे एकच जागा अशी असते की ती कुठंच जात नाही, नुसती मोठी होत राहते. तुला वाटो न वाटो, तू तिकडेच चालला आहेस. ती जागा धक्क्यावर आणून ठेव, मग होडीचं तोंड आभाळाकडे का असेना.

आता ती जागा दिसायला एक डोळाही पुरतो, आणि तेवढ्यापुरतं बाळाजीचं म्हणणं खरं होतं. फसला तो शेवटच्या वीस हातांत.

पट्टी निघाली त्या आठवड्यात त्यानं बायकोला, केसरला, पहिली उतारू म्हणून बसवलं. तिचं माहेर पाणदऱ्याचं, तिथं तिची आई बायजा एकटी असायची, त्यामुळे केसरची महिन्यातून दोन खेपा तरी पलीकडे व्हायच्याच. गावानं बघावं, की तरवाल्याची बायको बिनघोर बसते, असा बाळाजीचा बेत होता. बघायला गाव जमलंही होतं. खाडी त्यानं झोकात कापली. पलीकडचा धक्का अजून बराच लांब आहे असं त्याला वाटत होतं, तोच होडी दगडावर धाडकन आदळली. केसर तोंडावर पडली आणि तिचा पुढचा दात तुटला. तिनं खाडीच्या पाण्यानं चूळ भरली, गाठोडं उचललं आणि आईकडे निघून गेली.

तिसऱ्या दिवशी ती परतली ती चालत. खाडीच्या वरच्या अंगाला ओहोटीत गुडघाभर पाण्यातून पलीकडे उतरता येतं, आणि मग डोंगरातल्या खिंडीतून वाट गावात येते. सगळे मिळून तीन कोस. त्या दिवसापासून केसर माहेरी चालत जायची नि चालत यायची. घरात तिनं तोंड वाकडं केलं नाही. बाळाजी कपात चहा ओतायला लागला की धार कपाच्या बाहेर पडायची; केसर गुपचूप कप धारेखाली सरकवायची आणि आपल्या कामाला लागायची. पण होडीत ती बसेना, आणि का बसत नाहीस हे विचारायचं धैर्य या बहाद्दराला होईना. विचारलं आणि तिनं खरं सांगितलं तर काय करायचं, ही त्याची भीती. बायकोच्या तोंडून आपण निकामी झालो असं ऐकायला फार मोठी छाती लागते, आणि बाळाजीची तेवढी नव्हती.

गावाला मात्र तेवढं निमित्त पुरलं. घरची बसत नाही तिथं आपण जीव कशाला धोक्यात घाला, असं म्हणून लोकही खिंडीची वाट धरू लागले. तुकाराम गाडीवान पाणदऱ्याच्या बाजारात नारळ नेणारा, जिभेला हाड नसलेला माणूस. तो धक्क्यावर उभा राहून बाळाजीला विचारायचा, की होडीला आता शिंग बसवणार काय टकरा द्यायला. बाळाजी हसून घालवायचा आणि रिकाम्या होडीत जाऊन बसायचा.

त्याला वाट सापडली ती अंगणात. केसरच्या कोंबड्या दाणे टिपत होत्या आणि हा पायरीवर नुसता बसून होता. कोंबडीचे डोळे दोन बाजूंना. दाण्याकडे ती बघते एकाच डोळ्यानं, पण टिपण्याआधी मान पुढे-मागे, इकडे-तिकडे झटकते, आणि चोच बरोबर दाण्यावर पडते. बाळाजी बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं स्वतःची मान डावीउजवीकडे हलवून बघितली. अंगणातला तुळशीचा खांब मागच्या माडावरून टुणकन उडी मारून पलीकडे गेला आणि परत आला. दूरचा माड मात्र डोंगरावरून जेमतेम सरकला. म्हणजे जे जवळ ते जास्त उडतं, आणि जे लांब ते कमी. एवढी साधी गोष्ट इतक्या वर्षांत कुणी त्याला सांगितली नव्हती, कारण दोन डोळेवाल्यांना तिची गरजच पडत नाही.

त्यानंतर तो रोज रिकामी होडी घेऊन पाण्यात पडू लागला. चिखलातल्या खांबांवर, धक्क्याच्या पायऱ्यांवर, पाण्यात ओणवलेल्या फांद्यांवर त्यानं मान डोलवून नेम धरला. चुकला, आपटला, होडीची फळी दोनदा बदलली. हळूहळू त्याला पायरीचं फुगणंही कळू लागलं. सावकाश मोठी होत असेल तर अजून अवकाश आहे, एकदम अंगावर आल्यासारखी फुगली तर वल्हं उलटं मारायची वेळ झाली. गावातली पोरंसोरं त्याला डुलोबा म्हणू लागली. तुकारामानं तर देवळापुढे त्याची नक्कल करून दाखवली, आणि खोटं कशाला बोला, नक्कल फार उत्तम केली.

पण नक्कल करणाऱ्यालाही नारळ वेळेवर पोचवायचे असतात. आधी तुकारामानं नारळ पाठवले, मग नारळ बुडाले नाहीत म्हणून स्वतः बसला. मग शेळ्या आल्या, शेळ्यांमागून म्हाताऱ्या आल्या. दुसऱ्या शिमग्यापर्यंत सगळी पंचक्रोशी बाळाजीच्या होडीत बसू लागली. मान डोलवत येणारा तरवाला लांबून दिसला की लोक धक्क्यावर पुढे सरकून उभे राहायचे.

बसेना ती फक्त केसर. लोकांचा विश्वास परत आला आणि घरचा आला नाही, हे बाळाजीला फार लागलं. डोळा गेल्याचं दुःख त्यानं केलं नव्हतं एवढं हे केलं. भरल्या होडीतून परत येताना त्याला वाटायचं, या माणसांना मी परका, तरी हे बसतात, आणि जिनं माझा संसार केला ती तीन कोस तुडवत जाते. तो घरी येऊन फुगून जेवायला बसायचा. केसर आणखी भात वाढायची, आणि तो खायचाही.

त्रेपन्नच्या चैत्रातली सकाळ. केसर गाठोडं घेऊन खिंडीच्या वाटेला लागलेली बाळाजीनं धक्क्यावरून पाहिली. त्याची एक खेप पाणदऱ्याला जाऊन आली. परत येऊन बघतो तर केसर धक्क्यावर उभी, घामाघूम, डोंगर उतरून आलेली. होडी निघणार आहे काय, असं तिनं परक्या बाईसारखं विचारलं. बाळाजीनं नुसती मान हलवली. दुसरं कुणी उतारू नव्हतं. ती मधल्या फळीवर पदर सावरून बसली.

ओहोटी जोरात होती. बाळाजी मागं उभा राहून लांब वल्हं मारत होता, होडीचं तोंड वरच्या अंगाला, आणि होडी तिरकी सरकत पलीकडे. पाणदऱ्याचा किनारा दोन्हीकडे फाकत गेला, माड गेले, देवळाचं शिखर गेलं, आणि धक्क्याची पायरी तेवढी जागची हलली नाही. ती वाढू लागली तशी त्यानं मान डोलवायला घेतली. बायकोपुढे कोंबडीसारखी मान हलवताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण नजर त्यानं पायरीवरून काढली नाही. पायरी फुगली, त्यानं वल्हं उलटं मारलं, आणि होडी धक्क्याला टेकली. केसरच्या मांडीवरचं गाठोडंसुद्धा हललं नाही.

ती उतरायला उठली तेव्हा त्याला राहवेना. "दीड वरीस चालत गेलीस," तो म्हणाला. "माजी येवढी भीती वाटत व्हती?"

केसर धक्क्यावर चढली आणि वळली. "तुमची भीती कशाला वाटंल? त्या दिशी धक्का आला तवा तुमी धक्क्याकडं बघतच न्हवता. माज्याकडं बघत व्हता, मी घाबरले काय म्हनून. एकच डोला ऱ्हायला, आनि तो माज्यावर. मी होडीत बसत ऱ्हायले आसते तर तुमी कदी शिकला न्हसता."

हे खरं होतं. बाळाजीनं ते कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही.

"मंग आजच कशी बसलीस?"

"खिंडीतनं सगली खाडी दिसते," केसर म्हणाली. "तुमच्या होडीमागं पान्यावर रेघ ऱ्हाते, ती पन दिसते. पयली पयली नुसती वाकडीतिकडी यायची. मी जाताना थांबायची, येताना थांबायची, बघून मंग म्होरं जायची. गेल्या खेपेला सुदीक धक्क्यापाशी जराशी हलली. आज नाय हलली. मंग उतरले खाली."

एवढं बोलून ती आईच्या घराकडे चालू लागली. बाळाजीनं होडीतूनच मागं वळून डोंगराकडे पाहिलं. खिंड इथून अगदी स्पष्ट दिसत होती, वाटेवरचा तो उंच दगडही दिसत होता, तिथं कुणी उभं असतं तर ओळखूसुद्धा आलं असतं. दीड वर्षात त्यानं मान एकदाही वर केली नव्हती.