माघातला तेरडा

भूतखेत, चकवा, अंगात येणं, मी कशालाच कधी भीक घातली नाही. तिसरी शिकलोय, पण डोळे माझे मॅट्रिक पास आहेत, असं मी चारचौघांत म्हणायचो. जे दिसत नाही ते नाही, बस्स. म्हणून हे लिहिताना जरा अवघडच वाटतंय. सूनबाई म्हणाली, "मामंजी, तुम्ही सांगा, मी लिहिते." म्हटलं नको, माझं मी लिहीन. अक्षर वाचता आलं नाही तर तो तुमच्या डोळ्यांचा दोष.

परवा शेजारच्या एका पोरानं विचारलं, "आजोबा, चामटोलीमागच्या डोंगरावरचं तळं बघायला बेस्ट सीझन कोणता हो?" मी उत्तर न देताच घरात आलो. कारण हाच प्रश्न आमच्या घरात एकदा सहा महिने चालला होता... आणि त्यात मी जिंकलो होतो.

स्वातंत्र्यानंतर दोनएक वर्षांनी माझं लग्न झालं. मी बेलवलीचा, अंबरनाथला काडेपेटीच्या कारखान्यात कामाला. बायको हौसा, डोंगरावरची. त्या तळ्याखाली आठ-दहा घरांची वाडी होती, ते तिचं माहेर. घरी फक्त म्हातारी आई.

आमच्याकडं भादव्यात गौर येते ती तेरड्याची. बायका पाणवठ्यावर जातात, फुललेला तेरडा मुळासकट उपटतात, पाण्यातले पाच खडे घेतात. जिच्या हातात गौर, तिनं पाण्यापासून घरापर्यंत एक शब्द बोलायचा नाही, मागं वळून बघायचं नाही. वाडीतल्या बायका गौर तळ्यावरूनच आणत. हौसा म्हणायची, "भादव्यात तळ्याच्या कडंला नुसता तेरडा हो. पाणीसुदीक गुलाबी दिसतं."

लग्नानंतरच्या पहिल्याच भादव्यात सासूचा निरोप आला. लेकीला धाडा, यंदा गौर तिच्या हातानं आणू दे, पुढच्या वर्षाचा माझा भरवसा नाही.

मी नाही म्हटलं. ओढे भरलेत, वाट शेवाळलीय, पावसात डोंगर चढतो तो येडा.

"मी त्याच वाटंवर चालाया शिकली," हौसा म्हणाली.

"आता माझ्या घरात आहेस. थंडीत नेतो. वाट सुकी, आभाळ मोकळं, लांबवरचं दिसतं. तळं बघायचा खरा मोसम तोच."

"थंडीत काय बघू? दगड?" मग भांडी आपटत म्हणाली, "बरोबर हाय तुमचं. सुक्या काड्या मोजणाऱ्याला सुकाच डोंगर आवडायचा!"

मला ते लागलं. शब्दाचा पक्का माणूस मी. नाही म्हणजे नाही. दसऱ्याआधी म्हातारी गेली. हौसा माझ्यासमोर रडली नाही, भांडलीही नाही. ते भांडण परत यावं असं मला फार वाटायचं.

थंडी सुरू झाली तरी मी नेलं नाही. तिनं एकदा 'न्या' म्हणावं, याची मी वाट बघत होतो. ती कशाला म्हणते!

आमच्या आळीत फाळणीनंतरच्या निर्वासितांच्या कॅम्पातून किशनचंद नावाचा सिंधी कापड विकायला यायचा. त्याला हे सगळं ठाऊक होतं. माघात एकदा ओट्यावर गठ्ठा सोडून बसला आणि मला म्हणाला, "भाऊ, तू मौसम मौसम काय करते? हमारे गाव के बाहेर भी तलाव था. मी पण बोलायचा, अब्बी नाय, आंबे के टाइम जायेंगे. अब बोल, कौनसे मौसम में जाऊ?"

आत पाखडणाऱ्या हौसाच्या हातातलं सूप थांबलं. मी म्हटलं, "उद्या सुट्टी आहे. जाऊ."

सकाळी निघालो, उन्हं चढेपर्यंत वर पोचलो. वाडीत सासूच्या घराचं दार बांधलेलं. तळ्यावर गेलो तर पाणी निम्म्यावर आलेलं, कडेची माती भेगाळलेली, गवत पिवळं. आभाळात ढगाचा ठिपका नाही. मला बरं वाटलं. म्हटलं, "बघ, कुठवर दिसतंय. म्हणत होतो ना?"

पाण्याच्या कडेला एक मोठा खडक होता, ती त्याच्या पलीकडं निघाली. वळून म्हणाली, "या की."

मी उंबराखाली बसलो होतो, बिडी पेटवलेली. म्हटलं, "इथनं सगळं दिसतंय मला."

वीस पावलं. त्याहून जास्त नाही.

बिडी संपायच्या आत ती परत आली. डोक्यापासून पायापर्यंत भिजलेली... केसांवर पावसाचे थेंब, पोटऱ्या लाल चिखलानं भरलेल्या. ओच्यात खडे वाजत होते. आणि दोन्ही हातांत तेरडा — मुळासकट, फुललेला, गुलाबी.

मी ओरडलो, "कुठं पडलीस? हे कुठनं आणलंस?" ती माझ्याकडं बघून हसली, भादव्यापासून पहिल्यांदा, आणि समोरून उतरायला लागली. मी पळत खडकामागं गेलो. भेगाळलेली माती. माझ्या पायाची धूळ उडाली.

उतरताना मी सारखा विचारत होतो, रागावत होतो, शेवटी विनवलं. ती बोलली नाही. मागं वळली नाही. दोन तास.

घरी तिनं तेरडा पाटावर ठेवला, हळद-कुंकू वाहिलं, मग म्हणाली, "आई होती. समद्या जणी होत्या. पाऊस काय लागलेला! मी तुमाला इतक्या हाका मारल्या... तुमी कुठं होता?"

मी म्हटलं, "इथंच तर होतो."

दुसऱ्या दिवशी किशनचंद आला. पाटाकडं बघत राहिला. "ये फूल? अब्बी?" मग डोक्यावरची टोपी काढून हात जोडले. त्याला मी काही सांगितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी रंग उतरला, तेव्हा हौसानं तो तेरडा उल्हास नदीत सोडला. खडे तेवढे ठेवले. अजून देव्हाऱ्यात आहेत.

शाळेतल्या मास्तरांना पुढं विचारलं. म्हणाले, ओल असेल तिथं अवेळी एखादं रोप उगवतं. उगवत असेल. पण दोन्ही हातांत मावेना एवढं? आणि तिचं लुगडं मी स्वतः पिळलं होतं, त्याचं काय?

हौसाला जाऊन बरीच वर्षं झाली. मी त्या तळ्यावर माघात गेलो, चैत्रात गेलो, भर भादव्यातही गेलो. तेरडा फुललेला बघितला, पाणी खरंच गुलाबी दिसतं. सुंदर आहे, नाही म्हणत नाही. पण तिथं कोणी नव्हतं. दर वेळी खडकापर्यंतची वीस पावलं चालतो, पलीकडं बघतो, परत येतो.

त्या पोराला म्हणून उत्तर दिलं नाही. मला मोसम कळत नाही.

यंदा गुडघे नाही म्हणतात. गेलो तर त्याच उंबराखाली बसेन. बिडी डॉक्टरनं सोडवली, तेव्हा हात मोकळे आहेत. "या की" म्हणाली, तर तिला दुसऱ्यांदा म्हणायला लावणार नाही.