बॉनेटपुढची उदबत्ती

दाजींना शेवटचं भेटलो ते परभणीच्या दवाखान्यात. नाकाला नळी, हाताला सलाईन, आणि कपाळावर गंध नाही म्हणून चेहरा ओळखीचाच वाटेना. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. सोनपेठ आणि आसपासच्या खेड्यांत त्यांना सगळे गुरुजी म्हणायचे, कारण लग्न, वास्तुशांत, सत्यनारायण, सगळं त्यांच्याच हातून व्हायचं. ताईला चहाला बाहेर पाठवून त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं. मला वाटलं, ताईकडं लक्ष ठेव म्हणतील, घराचं काही सांगतील. ते म्हणाले, "जनाआक्काला खरं काय ते सांगून टाक बरं. माझ्याच्यानं झालं नाही." मी मान हलवली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी सकाळी सकाळी ताईचा फोन आला... त्यालाही आता महिना उलटून गेला, आणि मी अजून जनाआक्काला एक अक्षर बोललेलो नाही. तोंड दाखवायला जागा उरली नाही, म्हणून हे लिहायला बसलोय.

दाजींना शर्यतीच्या गाड्यांचं वेड होतं, हे घराबाहेर कुणालाही ठाऊक नव्हतं. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांनी भंगारातून आणलेली एक छोटी कार ठेवली होती. मागची सीटं काढून टाकली होती, आत लोखंडी पाइपांचा पिंजरा वेल्डिंग करून बसवला होता. पिंगळीच्या बाजूला एका माळावर काही हौशी मंडळी मातीच्या रिंगणात गाड्यांची शर्यत भरवायची. तिथं एकदा, फक्त एकदा, आपली गाडी पळवायची एवढीच त्यांची इच्छा. पण ज्यानं लोकांच्या घरी चौरंगापाशी बसून संकल्प सांगायचा, त्यानं हेल्मेट घालून धुरळा उडवायचा म्हणजे काय! ताई तर लाजेनं शेडकडं फिरकायची नाही. शेजाऱ्यांना सांगितलं होतं की खेडोपाडी पूजेला जायला जुनी गाडी नीट करायलोत. नखातलं ग्रीस काढायला दाजी आधी रॉकेल लावायचे, मग साबण, मग लिंबाची फोड, आणि तरीही पूजा सांगताना डावा हात उपरण्याखाली लपवायचे.

गाडी पळायची झकास, पण दोन-चार चकरा झाल्या की इंजिनाचं पाणी उकळायचं आणि बॉनेटखालून वाफेचे लोट निघायचे. आमच्याकडचा उन्हाळा, त्यात ते तापलेलं इंजिन. आतली गरम हवा बाहेर गेली पाहिजे हे दाजींना कळत होतं. त्यांनी बॉनेटच्या मागच्या बाजूला, समोरच्या काचेलगत, कापून लांबट खिडकी केली. हवा पुढून येते, तेव्हा मागून निघून जाईल, असा साधा हिशोब. मी बँकेतला कारकून, मलाही तो पटला. पण खिडकी केल्यावर गाडी आधीपेक्षा लवकर उकळायला लागली. दाजी आठवडाभर जेवताना पोळी हातात धरून बसायचे, ताईनं हाक मारली की दचकायचे.

मग एके दिवशी दुपारी ते एका वास्तुशांतीहून तसेच शेडमध्ये आले. धोतर, खांद्यावर उपरणं, कपाळावर ओलं गंध. कपडे बदलायलाही दम निघेना. होमाचा धूर घरात कोंडला आणि वाऱ्याच्या तोंडावरची खिडकी उघडली तर तो उलटा आत आला, दुसऱ्या बाजूची उघडल्यावर भस्सकन निघून गेला, हे त्यांनी तिथं पाहिलं होतं. आता हवा कुठून आत शिरते आणि कुठून बाहेर निघते ते डोळ्यांनी बघायचं होतं. आम्ही घरातला मोठा पत्र्याचा कूलर, पाणी न घालता, गाडीच्या नाकासमोर ठेवला आणि पंखा पूर्ण वेगानं सोडला. दाजींनी उदबत्त्यांचा जुडगा पेटवला आणि बॉनेटवरून हळूहळू फिरवायला लागले. काचेजवळ नेला की धूर त्या खिडकीतून सरळ आत ओढला जायचा! काचेवर आपटलेली हवा तिथं साचत होती आणि आत घुसत होती. पुढं, रेडिएटरच्या मागच्या अंगाला मात्र धूर वर उचलला जात होता. दाजी गाडीभोवती गोल फिरत होते, ओठांतल्या ओठांत "इथून नाही... इथून... इथून" म्हणत होते, आणि त्यांचा चेहरा असा उजळला होता की मी कूलरची वायर हातात धरून नुसता बघत राहिलो.

तेवढ्यात मागच्या गल्लीतली जनाआक्का कुंपणापाशी येऊन उभी राहिली. कडेवर नात, तिला तापानं ग्लानी आलेली. आक्कानं पाहिलं ते असं, की गुरुजी सोवळ्यात, हातात उदबत्त्या, ओठांत मंत्र. तिनं चप्पल काढली आणि हात जोडले.

"गाडीची पूजा करायलाव का, गुरुजी? लेकराला तीन दिवस झाले ताप हाय. परसाद द्या की थोडा."

दाजींनी माझ्याकडं पाहिलं. शर्यत, पंखा, धूर... काय काय सांगणार होते? ते आत गेले, डब्यातली चिमूटभर साखर आणली आणि नातीच्या ओठाला लावली. त्यांचे कान लाल झाले होते. दुसऱ्या दिवशी पोरीचा ताप उतरला.

मग काय विचारता! जाता-येता जनाआक्का बॉनेटला हळद-कुंकू लावायला लागली. दाजींना झोप लागेना. देवाच्या नावावर आपण खोटं दिलं, हे त्यांच्या मनातून जाईना. शेवटी ते धीर करून तिच्या घरी गेले आणि सगळं सांगितलं. ती पूजा नव्हती, मी हवा तपासत होतो, साखर नुसती साखर होती. जनाआक्कानं ऐकून घेतलं आणि वाकून त्यांच्या पायाला हात लावला. "तुमी लय साधं माणूस, गुरुजी. एवढं करून म्हणायलाव मी काहीच केलं न्हाई." दाजी परत आले ते रडवेले होऊन. मला म्हणाले, "खरं बोललो तर उलट माझा मोठेपणाच वाढला रे. आता कुठं जाऊ?"

मागची खिडकी पत्र्यानं बंद करून त्यांनी बॉनेटच्या पुढच्या भागात तिरप्या पट्ट्यांच्या झडपा बसवल्या, कूलरच्या बाजूला असतात तशा. मग पिंगळीच्या माळावरच्या शर्यतीत गाडी शेवटून दुसरी आली, पण एकदाही उकळली नाही. मी घरी येऊन आनंदाच्या भरात सगळ्यांना सांगून टाकलं, म्हणजे शर्यतीचं बिंगही फुटलं. ज्याला दाजी इतकी वर्षं भ्यायले, त्याला लोक नुसते हसले आणि विसरले. जनाआक्का मात्र म्हणाली, "तापंल कशी? पूजा झालेली गाडी हाय ती." स्वतःच्या डोक्यानं केलेली ती एकच गोष्ट, तिचंही श्रेय दाजींना घेता आलं नाही. ते पुन्हा शर्यतीला गेले नाहीत. जनाआक्काच्या घरची पूजा सांगायचे, पण तिच्या घरचं पाणीसुद्धा प्यायचे नाहीत, लाजेनं. तिला वाटायचं, केवढं हे कडक व्रत! तिचा भाव आणखी वाढायचा, आणि दाजी आणखी खाली मान घालायचे.

दहाव्याला जनाआक्का आली होती. शेडच्या दारात बसून रडत होती. मी शेजारी बसलो, म्हणालो, "आक्का, एक सांगायचंय." ती म्हणाली, "सांग की बाबा." मी म्हणालो, "जेवून जा." पुढं दोनदा तिच्या दारावरून गेलो आणि मान फिरवून परत आलो. माणसानं मरताना एवढंसं काम सांगावं, आणि तेही माझ्याच्यानं होऊ नये! सांगावं तर तिच्याकडून काहीतरी काढून घेतोय असं वाटतं, आणि न सांगावं तर दाजींना दिलेला शब्द... ते तिकडंही मान खाली घालूनच बसले असतील.

जनाआक्काला वाचता येत नाही. पण ती तापानं फणफणलेली नात आता शाळेत जाते आणि पेपरातली रविवारची पुरवणी आजीला मोठ्यानं वाचून दाखवते. म्हणून, समोर बसून सांगायची हिंमत नसलेला मी, हे त्या पुरवणीला पाठवून पोरीच्या तोंडून सांगतोय. पोरी, इथं सावकाश वाच. आक्का, त्या दिवशी दाजी पूजा करत नव्हते. ते तुमच्या घरी येऊन जे बोलले, ते साधेपणानं नव्हे, खरं म्हणून बोलले. तुम्ही त्यांच्या पाया पडलात, पण तिथं ते तुमची माफी मागायला आले होते. ती तेवढी द्या.