दोरा बांधलेलं मटण

“कोण खाणार?”

गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की काकी पहिल्यांदा हे विचारायची. किती पाहिजे ते नंतर, भाव त्याच्याही नंतर. सुरा ओंडक्यावर आडवा ठेवायची, हात फडक्याला पुसायची आणि समोरच्याच्या तोंडाकडे अशी बघत राहायची की नवखा माणूस घरात कोण कोण आहे ते सांगायचाच, वर कोणाचं कोणाशी पटत नाही तेही सांगून मोकळा व्हायचा.

काकी म्हणजे अख्ख्या बाजाराची काकी. डहाणू रोडच्या बाजारात तिचं मटणाचं दुकान आणि समोर माझं पंखे-मिक्सर दुरुस्तीचं. त्यामुळे मी जे सांगतोय ते बहुतेक डोळ्यांनी बघितलेलं आहे. थोडं ऐकलेलं आहे. आणि अगदी थोडं मी घातलेलं आहे, पण मिठाइतकंच.

रविवारी तिचा सुरा ओंडक्यावर पडला की पार सरावलीत बायका कुकर घासायला घ्यायच्या. हसू नका, सरावलीत माझी मावशी राहते. काकीच्या तळहातावर नुसती कलेजी ठेवली तरी ती सांगायची, हा रानशेतच्या वरच्या पाड्यावरचा, पाला खाऊन वाढलेला. हा दावणीला बांधून फुगवलेला. माझं तर म्हणणं आहे की ती बोकडाच्या मालकाचं आडनावही सांगू शकायची. पण ते मी शपथेवर सांगायला लागलो तर तुम्ही बाकीचंही खोटं धराल, म्हणून सोडून देतो.

बाळंतीण खाणार म्हटलं की पाये वेगळे काढायची. पोरं खाणार म्हटलं की हाडाची बारीक कपची राहू नये म्हणून बोट फिरवून बघायची. आणि कोणी “पाहुणे” म्हटलं की विचारायची, “परत यावेत असे, की परत येऊ नयेत असे?” दोन्ही प्रकारचं मटण तिच्याकडे होतं.

एकदा तर भर रविवारी, दुकानापुढे माणसांची झुंबड उडालेली असताना, टांगलेल्या बोकडाला चिमटा काढून म्हणाली, “आज नको रे कोणी. म्हातारा निघाला हा. घरी जाऊन वालाची भाजी करा.” आणि लोक गेले, बरं का. अख्ख्या बाजाराने त्या रविवारी वाल खाल्ला. असं सांगणारा दुकानदार तुम्ही बघितला असेल तर मला त्याचं गाव सांगा, मी भाड्याची गाडी करून जाईन.

मग आशागडच्या रस्त्याला ते स्वस्ताईचं मोठं दुकान आलं. काचेचे दरवाजे, आत माघातली थंडी, आणि मटण-कोंबडी पाकिटात बंद. आमच्याकडे त्याला सगळे गार दुकान म्हणायला लागले. माझी वहिनी, म्हणजे मोठ्या भावाची बायको, पहिल्याच आठवड्यात त्याची भक्त झाली. तिचंही खोटं नव्हतं. माशी नाही, रक्त नाही, तुकडे एका मापाचे, तारीख छापलेली, शिवाय स्वस्त. “आणि कोण खाणार म्हणून कोणी चौकशी करत नाही,” ती म्हणायची. “मी मटण घ्यायला जाते, जनगणनेला नाही.”

हे काकीच्या कानावर गेलं. कोणी घातलं ते विचारू नका, माझं दुकान समोरच आहे.

दुसऱ्या दिवशी काकी ठेवणीतली साडी नेसून माझ्या दारात उभी. “चल, बघून येऊ.”

गार दुकानात ती देवळात फिरावी तशी फिरली. थंड पेटीपाशी सरावलीची एक मुलगी गणवेश घालून उभी होती. काकीने पेटीतून एक पाकीट उचललं.

“पोरी, ही कोंबडी कुठची?”

“कंपनीची आहे, काकी.”

“ते कळलं. गाव कुठलं?”

मुलीने पाकीट उलटंपालटं केलं. “गाव नाय लिहिलेलं.”

“खायची काय?”

“ते पण नाय लिहिलेलं.”

“बरं, आणि कोण खाणार ते तू मला विचारलं नाहीस.”

“विचारायचं असतं?” मुलगी घाबरली. “आम्हाला फक्त पिशवी पाहिजे का, एवढंच विचारायला सांगितलंय.”

काकीने एक कोंबडीचं आणि एक मटणाचं पाकीट घेतलं, घरी रांधलं आणि मला बोलावून वाढलं. मी आयता साक्षीदार. ती हळूहळू खात होती, डोळे मिटून, जसा डॉक्टर छातीला नळी लावून ऐकतो तशी.

“कोंबडी चांगली आहे,” ती म्हणाली. “माझ्यापेक्षा साफ सोललीय.” मग मटणाचा तुकडा या गालातून त्या गालात नेला. “हेही वाईट नाय. पण हे कोणासाठीच कापलेलं नाय.”

एवढं बोलून उठली. दुसऱ्या दिवशी दुकानाला जाळीचा पडदा लागला, ओंडका उकळत्या पाण्याने धुतला गेला आणि दारात साबण आला. मी हसलो तर म्हणाली, “दुसऱ्याच्या दुकानात जाऊन रिकाम्या हाताने यायचं नाय.”

त्याच वर्षी माझ्या पुतणीचं लग्न ठरलं. मुलगा तलासरीचा. माणसं चांगली, पण साखरपुड्याला एक गोष्ट झाली आणि वहिनीची झोप उडाली. मुलाचे आजोबा, त्या घराचे कर्ते, आमच्या अंगणात आले, बसले, गोड बोलले आणि जेवले नाहीत. ताट पुढे आलं की हात आडवा. “पोट भरलंय.” एक केळं तेवढं घेतलं. ज्या घरचं अन्न आजोबांनी शिवलं नाही, त्या घरची पोर तिथे नांदणार कशी? बायकांत कुजबुज सुरू झाली की त्यांना हे स्थळ पसंतच नाही. पुतणी वरून हसायची, पण एकदा मला म्हणाली, “काका, मी तिथे जाऊन त्यांना वाढेन आणि ते नको म्हणतील, तेव्हा मी काय करू?”

आता हळदीच्या संध्याकाळी तलासरीची मंडळी उष्टी हळद घेऊन येणार होती, आजोबांसकट. आमच्याकडे हळदीला मटण लागतंच. वहिनीने निकाल दिला: कोंबडी गार दुकानातली, मटण काकीचं, पण तुकडे पाकिटातल्यासारखे एकसारखे दिसले पाहिजेत. “आणि या वेळी आजोबा जेवले नाहीत, तर काकीचं तोंड बघणार नाही मी.”

मी मटण सांगायला गेलो.

“कोण खाणार?”

“सगळे.”

“सगळे नावाचं गिऱ्हाईक माझ्याकडे कधी आलेलं नाय. एकेक सांग.”

मी सांगत बसलो. मामा, मावश्या, बँडवाले, भावाचे कंपनीतले मित्र. सांगता सांगता आजोबांवर आलो आणि साखरपुड्याची सगळी कथा ओकून मोकळा झालो.

काकीने फडकं खाली ठेवलं. “केळं कसं खाल्लं?”

“कसं म्हणजे? सोलून.”

“चावून, की दाबून?”

मी डोळ्यांपुढे आणलं. केळं तोंडात गेलं होतं, ओठ आत ओढले गेले होते, हनुवटी वर-खाली झाली होती.

“दाबून,” मी म्हणालो.

“दात नाहीत रे त्याला.”

“मग सांगायचं ना तसं. मऊ भात केला असता.”

“व्याह्यांच्या अंगणात बसून घरचा कर्ता माणूस सांगेल, माझे दात गेले, मला मऊ भात द्या? तू सांगशील? टकलावर टोपी घालून पंखा दुरुस्त करतोस, तोही पंखा चालू असताना.”

मी टोपी नीट केली.

हळदीच्या दिवशी काकीने आजोबांचं मटण निराळं काढलं. कोवळ्या बोकडाच्या पाठीचं. त्यावरचा पडदा नखाने सोलून काढला, तुकडे आडवे कापले, कच्च्या पपईचा कीस चोळला. आता इतकं मऊ मटण शिजताना विरघळून जाणार, आणि आजोबांच्या ताटात सगळ्यांदेखत लगदा पडणार. म्हणून तिने प्रत्येक तुकड्याला पांढरा दोरा बांधला, राखीसारखा. मंद आचेवर बाजूच्या टोपात ते शिजवलं. आचाऱ्याला जवळ फिरकू दिलं नाही. संध्याकाळी स्वतः दोरे सोडवले, वर सगळ्यांचाच रस्सा घातला. बघणाऱ्याला वाटावं, जे सगळ्यांना तेच आजोबांना.

पंगत बसली. आजोबा मधोमध, पांढरा सदरा, पाठ ताठ. वहिनी पडद्याआड, तिच्यामागे हळद लागलेली पुतणी. आजोबांचा हात आडवा व्हायला लागला. “पोट भर...”

काकी वाडगा घेऊन पुढे झाली. “चव तर बघा नी. आवडलं नाय तर मटणवाली मी आहे. शिव्या मला द्या, या घराला नको.”

बाईमाणसाने असं म्हटल्यावर करतो काय. त्यांनी भात कालवला, तुकडा तोंडात ठेवला, ओठ मिटले. खरं सांगतो, मांडवाचं कापड हलायचं थांबलं. बँडवाल्याने फुगवलेले गाल तसेच धरून ठेवले. आजोबांची हनुवटी एकदा वर गेली, एकदा खाली आली आणि ते थांबले. तुकडा जिभेवर आपोआप सुटला होता. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी वर्णन करू शकत नाही, आणि मी वर्णन करू शकत नाही असं फारच थोडं आहे.

“अजून आहे?” त्यांनी विचारलं.

दोनदा वाढलं, तिसऱ्यांदा पुतणीने स्वतः येऊन वाढलं. आजोबा तिच्याकडे बघून म्हणाले, “पोरी, तू बस आता. दमली असशील.” पडद्याआड वहिनी कशात रडली माहीत नाही, पण सोलकढी नंतर खारट लागली. गार दुकानातली कोंबडीही संपली, तरण्या पोरांनी टोप पुसून खाल्ला. ते लपवायचं कशाला? चांगली होती.

मध्येच आजोबांनी ओठांतून दोन बोटांनी काहीतरी काढलं, बघितलं, मग काकीकडे बघितलं आणि ते सदऱ्याच्या खिशात टाकलं. मला वाटलं, हाडाची कपची असेल.

लग्न झालं. पुतणी तलासरीला गेली. थोड्या दिवसांनी एका सकाळी बाजाराच्या तोंडाशी जीप थांबली आणि आजोबा उतरले, एकटेच. थेट काकीच्या दुकानापुढे. खिशातून एक पांढरा दोरा काढला, गाठीसकट.

“हा तुमचा राहिला होता.”

काकी जन्मात चूक कबूल करणारी नव्हती. “माझा नाय. आचाऱ्याचा असेल.”

“आचारी मटणाला दोरा बांधत नाय.”

दुकानापुढे चार गिऱ्हाइकं, इकडे मी हातात पंख्याचं पातं धरून. काकीने सुरा आडवा ठेवला, हात पुसले.

“कोण खाणार?”

आजोबांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. मग पाठ साखरपुड्यापेक्षाही ताठ केली आणि पार भाजीवालीपर्यंत ऐकू जाईल असं म्हणाले, “मी. मला दात नाहीत.”

“मग असं बोला नी,” काकी म्हणाली आणि दोऱ्याच्या रिळाकडे हात नेला.

त्यानंतर ते दर आठवड्याला यायचे. तलासरीहून डहाणू रोडपर्यंत मटणाची किती दुकानं लागतात ते मी मोजलेलं नाही, पण प्रत्येक दुकानदाराने त्यांना जाताना बघितलं असणार. गार दुकानासमोरूनही जीप जायची. मी न विचारताच काकी हे मला सांगायची. दर आठवड्याला.

एकोणीस साली तिचे गुडघे गेले. दिवसभर ओंडक्यापाशी उभं राहवेना. दुकान बंद झालं आणि ती लेकीकडे राहायला गेली, तलासरीलाच. समोरच्या शटरवर आता मोबाइलच्या जाहिराती चिकटवलेल्या असतात. मी पंखे दुरुस्त करतो आणि समोर बघत नाही.

परवा पुतणीचा फोन आला. काकीची लेक तिच्या दोन घरं पलीकडे राहते.

“काका, काकीने मटण सोडलं म्हणे. रविवारी ताट वाढलं की हात आडवा करते. म्हणते, पोट भरलंय.”

“आणि केळं?” मी विचारलं.

“केळं खाते. का?”

रविवारी सकाळी उठलो, टोपी न घालता घराबाहेर पडलो आणि बाजाराच्या टोकाला जो नवा मटणवाला बसतो त्याच्यापुढे जाऊन उभा राहिलो.

“किती देऊ?” त्याने सुरा उचलला.

“आधी विचार, कोण खाणार.”

तो माझ्याकडे बघत राहिला. “बरं. कोण खाणार?”

“एक बाई आहे. तिला दात नाहीत. पण हे आपल्याला माहीत आहे, असं तिला कळता कामा नये.”

आणि मी खिशातून पांढऱ्या दोऱ्याचं रीळ काढून त्याच्या ओंडक्यावर ठेवलं.