सांगोल्याच्या माळावरचं गवत

माझ्या नोकरीतलं पहिलं जंगल म्हणजे गवत होतं. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. करून मी वनसंशोधनाच्या कामाला लागले, तेव्हा सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या आमच्या गल्लीत सगळ्यांना वाटलं, आता ही पोरगी कोकणात नाहीतर मेळघाटात जाणार. मला मिळाला सांगोल्याकडचा एक उघडा माळ. भोवती चर खणलेला, चराच्या आत बाभळीच्या काट्यांचं कुंपण आणि मधे मारवेल, पवना, कुसळी असलं गवत. झाडं म्हणाल तर थोडे हिवर आणि बोरी. शेळ्यामेंढ्यांपासून असा माळ काही वर्षं राखला तर त्यात काय काय परत येतं, हे बघायचं माझं काम. माझे वडील कापडगिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, कामाला होते. त्यांना आम्ही अण्णा म्हणायचो. ते शेजाऱ्यांना सांगायचे, "आमची लेक सरकारी गवत वाढवते." हसत सांगायचे, पण एकालाही सांगायचं सोडत नसत.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरी आटल्या, टँकरची वाट बघत बायका सकाळपासून घागरी मांडून बसू लागल्या. माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, ती माझ्या कुंपणाच्या कडेनंच. बाहेर सगळा मुरूम उघडा पडलेला आणि आत मात्र वाळलेलं, पिवळंधमक गवत गुडघ्याएवढं उभं. पाऊस नावालाच झाला होता, पण राखलेल्या जमिनीनं तेवढ्यावरही भागवलं होतं. माझ्या प्रयोगाचं ते यश होतं आणि त्या कुंपणाजवळ उभं राहायची मला लाज वाटायची.

माळाला लागून धनगरांची वस्ती होती. तिथल्या एका मावशींच्या झोपडीत मी दुपारचा डबा खायची. त्यांची मेंढरं होती, धनी खडी फोडायला जायचा. एके दुपारी त्या म्हणाल्या, "बाई, येक इचारू का? ते गवत कुणासाटी ठिवलंय?"

"प्रयोग आहे मावशी. सरकारचा."

"व्हय, पर मेंढरांला कुटं कळतंय ते?" त्या पुढं म्हणाल्या, "परवा दोन मेली. वस्तीवरची माणसं लई तापल्यात. कुपाट मोडून मेंढरं आत घालायचं म्हनत्यात. म्या म्हनलं, बाईला आदी इचारू."

एवढी मेंढरं आत शिरली तर दोन दिवसांत बुडख्यासकट गवत गेलं असतं, खुरांनी माती सुटली असती आणि इतक्या वर्षांची राखण मातीत गेली असती. मी तशीच एसटी धरून सोलापूरला आले. सात रस्त्याजवळच्या आमच्या कचेरीत कळलं की साहेब दौऱ्यावर आहेत, पुढच्या आठवड्याशिवाय येत नाहीत. त्यांच्याखेरीज परवानगी देणारं कुणी नव्हतं.

संध्याकाळी अण्णांना सगळं सांगितलं. ते पाटावर बसून जेवत होते. म्हणाले, "साहेब असते तर काय म्हणाले असते?"

"नाही म्हणाले असते."

"मग ते नाहीत ते बरंच झालं की."

"आणि माझी नोकरी गेली तर?"

"माझी अजून आहे की." एवढं बोलून त्यांनी आमटी मागितली.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं मी माळावर पोचले. वस्तीवरची माणसं जमवली आणि सांगितलं, "गवत न्या. पण मेंढरू आत येणार नाही. विळ्यानं कापायचं, जमिनीपासून वीतभर वर. उपटायचं नाही. आणि वरच्या अंगाचा कोपरा सोडून द्यायचा, तो बियांसाठी."

तोवर शेजारच्या वस्त्यांवरही बातमी गेली होती. बघता बघता एवढी माणसं आली की माझा धीर सुटला. एका दांडग्या माणसानं आपला कळप थेट चरात उतरवला. मी ओरडले, पण तो कशाला ऐकतोय! तेवढ्यात मावशी काठी आडवी धरून त्याच्यापुढं उभ्या राहिल्या. "माजी मेंढरं भाईर उपाशी हुबी हायती, ती दिसत न्हाईत व्हय तुला? लई शाना लागून गेलास! विळा घे आन् ये." तो पुटपुटला, पण मागं फिरला. मग मात्र कुणी मेंढरू आत घातलं नाही. दोन दिवस कापणी चालली. बाया भारे बांधायच्या, पुरुष डोक्यावर घेऊन जायचे. तिसऱ्या दिवशी मी एकटीच आत फिरले. सगळीकडं वीतवीतभर खुंट उभे होते. आणि वरचा कोपरा जसाच्या तसा! त्याला कुणी विळा लावला नव्हता.

साहेब आले ते जीपमधून, कपाळाला आठ्या घालून. कुणीतरी आधीच कळवलं होतं. ते सगळा माळ फिरले, मी मागोमाग.

"कुणाच्या परवानगीनं?"

"माझ्या, सर."

"मला विचारलं असतंस तर मी नाही म्हणालो असतो."

त्यांनी वाकून एक खुंट हातानं हलवून बघितला. तो हलला नाही. कोपऱ्यातल्या उभ्या गवताकडं बघत म्हणाले, "हा भाग का ठेवला?"

"बी पडावं म्हणून."

हात झटकत ते म्हणाले, "बरं. मग आता हाच तुझा प्रयोग. कापलेला भाग आणि राखलेला भाग, पावसानंतर दोन्ही बघ. आणि पुढच्या खेपेला निदान मला तार तरी कर." जीप गेली तेव्हा माझ्या तोंडावर हसू मावत नव्हतं.

पुढं मी सह्याद्रीतल्या देवराया पाहिल्या, सातपुड्यात राहिले. नोकरीच्या शेवटी शेवटी पाऊस आणि उष्मा कसा बदलतोय यावरच काम केलं. गवताची मुळं हवेतला कर्ब जमिनीत धरून ठेवतात, हे बोलून बोलून माझा घसा बसला. त्या वर्षी यातलं काही माझ्या डोक्यात नव्हतं. एवढंच होतं की, फुटतंय की नाही?

फुटलं. पाऊसकाळ सरता सरता मी गेले तेव्हा कापलेल्या खुंटांमधून हिरवी पाती वर आली होती आणि कापलेला भाग राखलेल्यापेक्षा दाट दिसत होता. मावशींची मेंढरं पहिल्यापेक्षा कमी होती, पण होती. त्या बांधावर बसून लोकर पिंजत होत्या. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "बाई, वाळून पार काडी झालीस की गं! बस, भाकरी खा." मी पोटभर जेवले.

परतीच्या एसटीत खिडकीपाशी जागा मिळाली. सांगोला सुटायच्या आधीच डोळा लागला. कंडक्टरनं खांदा हलवून उठवलं तेव्हा गाडी रिकामी झाली होती आणि तो म्हणत होता, "ताई, सोलापूर आलं. उतरायचं न्हाई का?"