पान एकशे बेचाळीस

पुस्तकाची पानं खळीने एकमेकांना चिकटवणाऱ्या माणसाचा मला आजही संताप येतो. आमच्या महाल भागातल्या वाचनालयाचे चिटणीस हे काम स्वतःच्या हाताने करत. ते निवृत्त हेडमास्तर, त्यामुळे सगळा मोहल्ला त्यांना चौथीच्या वर्गातलाच वाटे. सचित्र कादंबरी आली की आधी ते ती घरी नेत, चित्रं सावकाश न्याहाळत, आणि ज्या चित्रातल्या बाईचा पदर त्यांना पटला नाही ते पान समोरच्या पानाला चिकटवून टाकत. बायाबापड्या वाचतात, म्हणून. समोरच्या पानावरचा मजकूरही त्यात गडप होतो, याचं त्यांना सोयरसुतक नव्हतं. आम्हा बायकांना तर तेव्हा यातलं काही ठाऊकच नव्हतं.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. दर महिन्याला एका शनिवारी दुपारी वाचनालयात बायकांची बैठक भरे आणि एकीने नुकत्याच वाचलेल्या पुस्तकावर बोलायचं असे. त्या महिन्यात माझी पाळी होती. लग्न झाल्यापासून चार माणसांत मी तोंड उघडलं नव्हतं, त्यामुळे आठवडाभर मी भाषण लिहीत होते आणि खोडत होते.

मी निवडलेली कादंबरी अद्भुत होती. नावाड्याची मुलगी, तळ्याच्या तळाशी राहणारा यक्ष आणि दोघांचं प्रेम. पाण्याखालच्या महालाचं वर्णन मला फार आवडलं, यक्षाची पानपानभर भाषणं मुळीच नाहीत. खळीतून सुटलेली चित्रं मात्र अशी सुरेख की पान उलटवू नये. दुपारी मी ती मोठ्या जावेला वाचून दाखवत असे. तिला अक्षरओळख नव्हती, पण एकदा ऐकलेलं ती विसरत नसे.

एका पानाच्या शेवटी यक्ष मुलीपुढे अमृताचा पेला धरतो. पुढे वाचावं तर ती निथळत्या लुगड्याने एकटीच घरी निघालेली.

"मंग ती घरी काहून आली वं?" जावेने विचारलं. "त्यानं हाकललं का तिले?"

लेखक विसरला असेल, असं मी म्हणाले. ती कादंबरी आधी वाचलेल्या साऱ्याजणींचं मत, यक्षाने तिला टाकली. एकीने तर लेखकाला खरमरीत कार्डही टाकलं होतं. माणूस बिचारा चकित झाला असेल.

जावेने पुस्तक हातात घेतलं, बोटांत पान चोळून पाहिलं. "हे पान असं जाड काहून लागून राहिलं?"

मी आकडे पाहिले. एकशे एक्केचाळीसनंतर थेट एकशे चव्वेचाळीस. वर्षभरात इतक्या शिकलेल्या बायकांनी ते पुस्तक वाचलं, पण एकीच्याही लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

भाताच्या पातेल्याच्या वाफेवर आम्ही पान धरलं आणि सुरीच्या पाठीने हळूहळू सोडवलं. चित्रात मुलगी पाण्यातून वर येत होती. ओलं लुगडं, ताठ मान, बस्स. एवढ्यासाठी! आणि समोर, एकशे बेचाळीसवर, ती यक्षाला सांगत होती की तू मला अमर करायला निघालास, पण मला काय हवं ते एकदाही विचारलं नाहीस. मग पेला खाली ठेवून ती आपली आपण वर निघाली. म्हणजे तिला कोणी टाकली नव्हती. जावेने ते पान माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं.

शनिवारी मी भाषण बाजूला ठेवलं आणि तेच पान मोठ्याने वाचलं. चिटणीस टेबलामागून उठून आले, हातातलं पुस्तक काढून घेतलं आणि वाचनालयाच्या मालाची नासधूस केल्याबद्दल मला फैलावर घेतलं.

"तुमच्याच भल्यासाठी केलं होतं, बाई."

"भलं करताना तिचं म्हणणंच बुजवलंत," मी म्हणाले. "आम्ही वर्षभर तिला टाकलेली म्हणत आलो."

बाकीच्या बायका खाली मान घालून बसल्या. चिटणिसांइतकाच मला त्यांचाही राग आला. त्याच दिवशी माझं सभासदत्व गेलं आणि ते पान पुन्हा चिकटलं, या वेळी डिंकाने. घरी येऊन मी रडले. दुपारी हाताला पुस्तक नाही, ही कल्पनाच मला सोसवत नव्हती.

वैशाखात आमच्याकडे उडदाचे पापड लाटायला शेजारपाजारच्या बायका जमल्या, आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन. लाटता लाटता कोणीतरी त्या कादंबरीचा विषय काढला. जावेने हातातलं लाटणं न थांबवता ते अख्खं पान म्हणून दाखवलं, एक शब्द इकडचा तिकडे नाही.

दाराशी चिटणिसांची बायको बसली होती. तिचा हात थांबला होता.

"अजून एकदा सांगा नं," ती म्हणाली. "जरा हळू सांगा."