गोठ्याचा पडदा

"काका, ये क्या बना दिया?" नाटक मंडळाचा मालक कमरेवर हात ठेवून उभा होता. "मी गरिबाचा गोठा सांगतला होता."

मी पडदे रंगवतो. आमच्याकडे धान निघालं की गावोगावी रात्रभर नाटकं होतात, त्यांचे. पावडरचा रंग गरम सरसात, म्हणजे चिकट पाण्यात कालवायचा आणि कापडावर मारायचा. शाळा चौथीत सुटली, ब्रश नाही सुटला.

कुडवा गावात माझ्या घरामागे पडदा टांगला होता. कुडाची एकेक काडी काढली होती. बैलाच्या अंगावर केस काढले होते. शेडिंग, सावली, सगळं. मालक मागे मागे गेला, पार रस्त्यापर्यंत. शेवटचा प्रेक्षक तेवढ्याच दूर बसतो.

तिथून ओरडला, "बैल कुठं हाये? भुरा डाग दिसून राहिला. सोमवारी दुसरा द्या. नाहीतर नागपूरहून फ्लेक्स आणतो. मंग सगळेच पडदे फ्लेक्सचे."

म्हणजे माझं काम बंद.

बायको उन्हाळ्यात वारली. तिच्या भावानं दिवाळीला बोलावलं होतं, म्हणून दुसऱ्या दिवशी देवरीच्या बसनं तिच्या माहेरी गेलो. जायची इच्छा नव्हती.

साळ्याची बायको गोठ्यात भिंत सजवत होती. दिवाळीत जनावरांची पूजा असते, त्यासाठी. तिनं पांढऱ्या मातीत, छुईत, तळहात बुडवला आणि सारवलेल्या भिंतीवर आडवा ओढला. पाठ झाली. बोटांनी पाय ओढले. अंगठ्यानं मान खाली वळवली. बस. हात धुवायला निघाली.

मी फाटकातच थांबलो. भिंतीवरचा बैल दिवसभर राबून आला होता. डोळा नाही, केस नाही, आणि थकलेला दिसत होता. माझी पिशवी हातातून सुटली, तेही मला कळलं नाही.

"काय झालं जवाईबापू? चक्कर आली का?"

"डोळा काऊन नाही काढला?"

"कायले? बैलच हाये ना तो? का तुम्हाले डुक्कर दिसून राहिलं?"

माझ्या बैलाला अंगभर केस होते आणि तो मेलेला होता. ते केस कुठून आले, तेही तिथंच समजलं. बायको गेल्यापासून मी ब्रश खाली ठेवतच नव्हतो. ठेवला की घरात जावं लागते. म्हणून केस काढत बसलो. पडद्याला त्यांची गरज नव्हती, मला होती.

परत येऊन नवं कापड ताणलं. गेरूचा हात दिला. गोणपाटाचा बोळा पांढऱ्या रंगात बुडवला आणि एकदाच ओढला. बिघडला. पुसून पुन्हा ओढला. पुन्हा बिघडला. इतकी वर्षं पडदे रंगवून मला एक पाठ ओढता येत नव्हती. रविवारी कुठं जमली.

सोमवारी मालक आला. "मजाक करून राहिले का काका? हे तर अर्धंच हाये."

"मागं जा."

गेला.

"अजून जा."

रस्त्यावर जाऊन वळला. मग परत आला, आवाज खाली. "बिचाऱ्याले बसू द्या ना जरा."

गोठा त्यानं घेतला. राजवाडा मात्र फ्लेक्सचा आणला. तो चमकते म्हणे.

काम झालं की हात उचलावा, एवढंच मी त्या भिंतीपासून शिकलो. आता पडदा दुपारीच होतो. ब्रश धुतो आणि रिकाम्या घरात जातो. त्यावर उपाय काही त्या भिंतीवर नव्हता.